भुग्यातली वाट

दगड चाटून बघणारी बाई अशी आमच्या संस्थेत माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. सच्छिद्र दगड जिभेला चिकटतो, घट्ट दगड चिकटत नाही. एवढी साधी, फुकटातली परीक्षा सोडून लोक मोठमोठ्या यंत्रांकडे का धावतात हे मला आजही नीट कळलेलं नाही. नवीन लागलेली मुलं मला दगड चाटताना पाहून नाकं मुरडतात, आणि महिनाभरात तीच मुलं खिडकीकडे तोंड करून गुपचूप तेच करताना सापडतात.

माझं नाव हर्षला घरत. समुद्राच्या तळाखाली विहीर खणताना दगडाचे जे लांबलचक गोल दांडके बाहेर काढतात, त्यांना आमच्याकडे कोअर म्हणतात. पनवेलच्या पुढे एका टेकडीच्या पायथ्याशी आमची कोअर शेड आहे. तिथे लाकडी पेट्यांत, विहिरीप्रमाणे आणि खोलीप्रमाणे लावून ठेवलेले हजारो दांडके आहेत आणि त्यांची राखणदार मी. माझा नवरा जितेश त्याच दगडांच्या वरच्या अंगाला, म्हणजे भर अरबी समुद्रात, ‘नीलतरंग’ नावाच्या प्लॅटफॉर्मवर प्रमुख आहे. दोन आठवडे समुद्रावर, दोन आठवडे उरणच्या घरी. शेजारणी म्हणतात, बरं आहे बाई तुझं, अर्धा संसार सुट्टीचा. त्यांना काय सांगणार.

आमचं जमलं तेही दगडापायीच. तेव्हा जितेश ड्रिलिंगवर होता आणि विहिरीतून कोअर निघाला की शेडमध्ये फोन करायचा. “मॅडम, काल पाठवलेला दगड काय म्हणतो?” मी सांगायची. तो शांतपणे ऐकायचा, खालच्या आवाजात उलटसुलट प्रश्न विचारायचा. दगडाबद्दल इतकं मन लावून ऐकणारा माणूस बायकोचंही ऐकेल, असं मला वाटलं. आणि पुष्कळ वर्षं ऐकलंही.

मग प्रतिशिला आली.

प्रतिशिला काय आहे हे सांगण्याआधी चुनखडीची तऱ्हा सांगायला हवी. चुनखडीचा खडक म्हणजे शंखशिंपले, प्रवाळ आणि डोळ्याला न दिसणारे समुद्री जीव यांच्या सांगाड्यांचा लगदा. वाळूच्या दगडात कण साधारण सारखे, म्हणून कणांमधल्या फटीही सारख्या. चुनखडीचा नेम नाही. आतला एखादा शिंपला विरघळून गेला की त्याच्या आकाराची पोकळी उरते. कुठे सुईच्या टोकाएवढं छिद्र, कुठे बोट जाईल असं भगदाड, आणि दोन्ही एकाच विटेएवढ्या तुकड्यात. आता गंमत अशी की दगडात पोकळी किती आहे यावरून त्यातून तेल किंवा वायू किती वाहील ते कळत नाही. थर्मोकोल घ्या. आत जवळजवळ सगळी हवा, पण दिवसभर पाण्यात दाबून ठेवा, आत थेंब जाणार नाही, कारण एका पोकळीतून दुसरीत जायला दारच नाही. भाजलेली वीट दिसायला ठोस, पण बादलीत टाकली की बुडबुडे सोडत घटाघट पाणी पिते. पोकळ्या किती हा प्रश्न दुय्यम. दारं किती आणि केवढी, यावर दगडाचा सगळा स्वभाव ठरतो.

ही दारं मोजणारं यंत्र म्हणजे प्रतिशिला. आमच्या संस्थेतल्या डॉ. अमोघ देवस्थळींनी ती बनवली. कोअरच्या दांडक्यातून अंगठ्याएवढा गोल तुकडा कापून काढायचा, त्याला म्हणतात प्लग. प्लग यंत्रात ठेवला की क्ष-किरणांनी त्यातलं छिद्र न् छिद्र टिपलं जातं आणि त्या दगडाची संगणकात हुबेहूब प्रत तयार होते. मग त्या प्रतीतून वायू सोडून बघायचा. हे पूर्वीही करता यायचं, पण एकेका प्लगला आठवडे जायचे. प्रतिशिला हजारो प्लग एकमेकांत विणून सबंध खडकाचा नकाशा चहा होईपर्यंत हातात देते. यंत्र उत्तम आहे. मी त्यावर कितीही तोंडसुख घेतलं तरी हे मी तेव्हाही नाकारत नव्हते.

पण त्यानंतर दगडाचं विचारायला जितेशचा फोन येईनासा झाला. फोन यायचा, पण ‘जेवलीस का’, ‘आईची औषधं आणलीस का’ एवढ्यापुरता. दगडाचं तो प्रतिशिलेला विचारायचा. घरीसुद्धा कसला वाद निघाला की म्हणायचा, “तुला वाटतं, हर्षला. वाटण्यावर काय चालतं?” मला वाईट वाटायचं. मी ते हसण्यावारी न्यायचे, पण वाटायचं.

ही गोष्ट २०४४ सालातली. तोवर नीलतरंग जिथे उभा होता त्या सागरकुंड नावाच्या तेलक्षेत्रातलं तेल आटून बरीच वर्षं झाली होती. नीलतरंग मोडीत निघणार होता. जितेश हट्टाला पेटला. ज्या दगडातून आपण तेल काढलं तो रिकामा आहे, किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या, पोलादाच्या, खतांच्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड त्यात पुरा, असं त्याने दिल्लीपर्यंत जाऊन पटवलं. “उभा जन्म ह्या दर्यातून काढत आलो. आता जरा परत ठेवतो,” असं तो म्हणायचा. कारखान्यांनी धुरातून वायू वेगळा काढायची यंत्रणा बसवली, समुद्राखालून पाइपलाइन टाकली. कुठल्या थरात वायू सोडायचा ते प्रतिशिलेने सांगितलं. सर्वांत जास्त पोकळी असलेला थर तिने निवडला आणि त्यातून वाटही चांगली आहे असं दाखवलं. उद्घाटनाला जितेशने नवा शर्ट घातला होता आणि त्याच्या आईने सबंध आळीला पेढे वाटले.

चारच महिन्यांत, एका दुपारी मी डबा उघडते आहे तोच त्याचा फोन आला.

“दाब चढतोय.”

“किती?”

“पंप निम्म्यावर आणलेत तरी चढतोय. दगड घ्यायचा थांबलाय, हर्षला.”

मी डब्याचं झाकण परत लावलं. परवान्याची अट मला पाठ होती. विहिरीच्या तळाचा दाब लाल रेषेला टेकला तर वरचं झाकण, म्हणजे खडकावरचा वायू अडवून धरणारा थर, फुटायची भीती, म्हणजे वायू समुद्रात आणि समुद्रातून प्लॅटफॉर्मवरच्या माणसांवर. म्हणून रेषेला टेकायच्या आत सगळ्या विहिरी तळापासून वरपर्यंत सिमेंटने भरायच्या. एकदा भरल्या की त्या पुन्हा कुणाच्या बापाला उघडता येत नाहीत.

“प्रतिशिला काय म्हणते?” मी विचारलं. टोमणा होता, पण त्या वेळी त्याला तो लागला नसावा.

“खडक भरला म्हणते. आठवड्याच्या शेवटी सिमेंटची बोट येतेय.” मग म्हणाला, “आईला अजून काही सांगू नकोस.”

*

परवाना देणाऱ्या मंडळाची बैठक लगेच बसली. देवस्थळी हा माणूस मोठा सज्जन. त्यांच्याशी भांडायला फार जोर लावावा लागतो, कारण पलीकडून काही येतच नाही. भिंतीवर खडकाचा नकाशा लावून ते शांतपणे बोलत होते. पोकळी भरपूर होती, पण दारं आम्हाला वाटली त्याहून बारीक निघाली, आधीचा अंदाज जरा उदार होता, आता विहिरींचे खरे आकडे घालून पुन्हा गणित केलं आहे आणि या खडकात याहून जास्त वायू जाणार नाही.

“म्हणजे आम्ही थर्मोकोलमध्ये वायू कोंबतोय,” मी म्हटलं.

“दुर्दैवाने, हो.”

“मग वीट कुठेय?”

“हर्षलाताई, सगळा खडक असाच आहे.”

“असाच कसा? अहो, याच खडकातून आमच्या लोकांनी तीस वर्षं तेल काढलं. ते काय थर्मोकोलमधून आलं? इतकं तेल ज्या वाटेने बाहेर आलं, ती वाट गेली कुठे?”

देवस्थळी नकाशाकडे वळले. प्रश्न त्यांनाही पडला असणार. मंडळाचे अध्यक्ष मात्र म्हणाले, “बाई, वाट आहे असं वाटून उपयोग नाही. दाखवा.” मी तावातावाने उठले आणि दार जरा जोरात लागलं. मुद्दाम नाही, पण लागलं.

*

वंदनाताई ठोंबरे गेली कित्येक वर्षं शेडमध्ये माझ्याबरोबर आहेत. पेट्या काढणं, लावणं, पुसणं हे सगळं त्यांच्या हाताखाली चालतं. मी त्यांना सांगितलं, सागरकुंडच्या सगळ्या विहिरींच्या पेट्या टेबलांवर मांडायच्या, आणि विहिरीप्रमाणे नाही. एका खोलीच्या सगळ्या पेट्या एका ओळीत.

“असं आजवर कुणी मांडलं नाही,” वंदनाताई म्हणाल्या.

“म्हणूनच मांडायचं.”

दुपारपर्यंत शेडची सगळी टेबलं भरली. मी एका टोकाकडून बघत निघाले. धड दांडक्यांना जिथे तिथे प्लगची भोकं पडलेली होती. काही दांडक्यांची तर पार चाळणी झाली होती. आणि दांडक्यांच्या मधे मधे कापडी पिशव्या होत्या. कोअर काढताना कुठे कुठे दगड अखंड येत नाही, त्याचा चुरा होतो. तो चुरा पिशवीत भरून त्याच्या जागी पेटीत ठेवायचा, असा नियम आहे. आम्ही त्याला भुगा म्हणतो.

मी एक पिशवी उचलली. मग दुसरी. शिवण जशीच्या तशी होती. दोरासुद्धा जुना.

“वंदनाताई, भुग्यातून प्लग काढायला कुणीच आलं नाही का कधी?”

“भुग्यातून कसा निघंल मॅडम? गोल, गुळगुळीत तुकडा पाहिजे असतो ना त्यांना. नाहीतर प्लगवर चढवायची रबरी नळी फाटते. धड असंल तेवढंच नेतात.”

मी पिशवी टेबलावर ठेवली. हे मलाही ठाऊक होतं, देवस्थळींना ठाऊक होतं, जगातल्या प्रत्येक कोअर शेडमध्ये ठाऊक असतं. प्लग धड दगडातूनच काढतात. आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा अर्थ कुणी लावत नाही. अहो, दगड धड का राहिला? घट्ट होता म्हणून राहिला. आणि ज्याचा भुगा झाला त्याचा का झाला? ड्रिलने फोडला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तो आतून इतका पोखरलेला असेल, की उचलताना आपल्याच वजनाने ढासळला, तर? मग आम्ही आजवर यंत्राला फक्त भिंती दाखवल्या होत्या, आणि यंत्राने इमानेइतबारे सांगितलं होतं की इथे दार नाही.

आता ओळी बघितल्या. पाहते तर काय, भुग्याच्या पिशव्या विखुरलेल्या नव्हत्या. एका विहिरीत ज्या खोलीला भुगा, त्याच खोलीला शेजारच्या विहिरीत भुगा, त्याच्या पुढच्या विहिरीतही भुगा. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरळ पट्टा गेला होता, वायू सोडत होतो त्या थराच्या थोडा वर. ड्रिल काही समुद्रभर ठरवून एकाच उंचीवर दगड फोडत नाही.

मी पिशवीची शिवण उसवली, खडे ट्रेमध्ये ओतले आणि भिंग घेतलं. नुकत्याच तुटलेल्या दगडाची कड मळकी, निस्तेज असते. जुन्या पोकळीच्या भिंतीवर मात्र लाखो वर्षं पाणी वाहून गेलेलं असतं आणि जाताना त्याने बारीक स्फटिक ठेवलेले असतात. पहिलाच खडा उन्हात धरला तर एक बाजू साखर चिकटल्यासारखी चमकली. दुसरा चमकला. तिसराही.

“काय दिसतंय?” वंदनाताईंनी विचारलं.

“दारं,” मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. आनंदाने आलं, सांगायला लाज कसली.

*

देवस्थळींना मी फोनवर एवढंच म्हटलं की या. ते आले आणि ट्रेमधला एकेक खडा भिंगातून पाहिला. मग तो सज्जन माणूस कोट काढून टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या यंत्राला हे कधी दिसलंच नाही. नमुना नसेल तिथे शेजारच्या दगडासारखा दगड धर, असं मीच त्याला शिकवलंय.”

“तुम्ही काय, कुणीही तेच शिकवलं असतं,” मी म्हटलं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण समोरचा स्वतःच कबूल झाला की मजा जाते.

“पण मला एक सांगा. वाट आहे, हे मान्य. ती जाते कुठे? इतका पोखरलेला दगड वर झाकणापर्यंत पोखरलेला असेल तर? मग वायू आत जाईल आणि वरून बाहेर पडेल. वर जितेश आहेत.”

देवस्थळींनी खोट काढायला नव्हे, काळजीने विचारलं होतं. आणि प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मात्र टेबलांवरच होतं. फार पूर्वी कधीतरी समुद्र खाली गेला आणि ही चुनखडी उघडी पडली. गोडं पाणी तिच्यात मुरलं आणि भूजलाच्या पातळीशी येऊन आडवं वाहू लागलं. पाण्याची पातळी सपाट असते, म्हणून दगड विरघळला तोही आडव्या पट्ट्यात. पुढे समुद्र परत आला आणि त्याने वर चिखलाचा जाड थर टाकला. तोच आजचं झाकण. मी देवस्थळींना त्या झाकणाचे दांडके दाखवले. प्रत्येक विहिरीत काळे, तुळतुळीत, अखंड. जीभ लावून दाखवली, चिकटली नाही. देवस्थळींनी इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःही लावून बघितली.

भुग्याचा प्लग निघत नव्हता, म्हणून आम्ही एकेक खडा पारदर्शक राळेत बसवला आणि खडेच यंत्रात घातले. यंत्राने खड्यांच्या आतली छिद्रं मोजली. खड्याखड्यांमधली पोकळी स्फटिकांच्या बाजूंवरून आम्ही जुळवत गेलो. चमकती बाजू म्हणजे जुनी पोकळी, मळकी बाजू म्हणजे नवी तूट. देवस्थळी, वंदनाताई आणि मी, तिघं ताटातले तांदूळ निवडायला बसल्यासारखे बसलो होतो. सिमेंटची बोट बंदरातून निघाल्याची बातमी आली तेव्हा शेवटच्या विहिरीचे खडे आत गेले.

नकाशा बदलला. जिथे करडा, मुका दगड होता, तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळा पट्टा पसरला. किनाऱ्यावरच्या सगळ्या कारखान्यांचा वायू दोन पिढ्या पुरून उरेल एवढी जागा. झाकण शाबूत. खाली मात्र यंत्राने एक ओळ दिली होती. भुग्यातला सर्वांत बारीक चुरा खणतानाच वाहून गेला आहे, त्यामुळे निष्कर्षाची खात्री मध्यम.

मंडळाने तीच ओळ धरली. एका विहिरीत, त्या पट्ट्याशी, चाचणी घ्यायला हरकत नाही. पण प्लॅटफॉर्मच्या प्रमुखाने जबाबदारी घेतली तरच. नाहीतर सिमेंट.

*

“मध्यम,” जितेश फोनवर म्हणाला. “मध्यमवर माझी माणसं उभी करू?”

“खडे मी पाहिलेत, जितेश.”

“तू पाहिलेस गो, पण तुला वाटतं यावर—”

“वाटतं?” माझं डोकंच फिरलं. “इतकी वर्षं मी दगड सांगितला आणि तू विहिरी खणल्यास. एक तरी विहीर माझ्या शब्दाने कोरडी गेली? आणि त्या डब्याने एक मध्यम म्हटलं तर तुझे पाय लटपटतात. मशीनचं ऐकायला तुला कमीपणा वाटत नाही, बायकोचं ऐकायला वाटतो का?”

पलीकडे त्याने दार ओढून घेतलं आणि वाऱ्याचा आवाज थांबला.

“कमीपणा नाही,” तो म्हणाला. “मशीन चुकलं तर मी मशीनला शिव्या देईन आणि घरी येईन. तुझ्या शब्दावर इथे कुणाचं काही बरंवाईट झालं, तर तुझ्या तोंडाकडे कसं बघू? तू आयुष्यभर ते घेऊन बसशील. म्हणून विचारायचा बंद झालो मी. तुझ्यावर भार नको म्हणून.”

इतकी वर्षं मी भलताच राग धरून बसले होते.

“भार माझा आहे,” मी म्हटलं. “तो मला घेऊ दे. उद्या सकाळच्या हेलिकॉप्टरने मी येते. मी सांगितलेल्या दगडावर तू एकटा उभा राहणार नाहीस.”

“वेडी आहेस काय?”

“आहे. चाचणी घेतोयस की नाही?”

“घेतो,” तो म्हणाला. “येताना आईच्या हातचे कोळंबीचे सुके सोडे घेऊन ये. फ्रान्सिस केव्हाचा मागतोय.”

*

फ्रान्सिस डाबरे म्हणजे नीलतरंगचा कंट्रोल रूम सांभाळणारा, वसईचा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्या सकाळी मात्र गप्प होता. ज्यांची गरज नव्हती त्या सगळ्यांना जितेशने बोटीने दूर पाठवलं होतं. सिमेंटची बोट पलीकडे नांगर टाकून उभी होती. तिच्यावरची माणसं कठड्याला रेलून आमच्याकडे बघत होती.

विहिरीत पोलादी पाइप असतो. पट्ट्याच्या खोलीला त्या पाइपला भोकं पाडायची, भोकांच्या तोंडाशी साचलेला कचरा धुवायला पाइपातून आधी आम्ल आणि त्याच्या पाठोपाठ वायू ढकलायचा, आणि दाब बघायचा. काम एवढंच. भोकं पडली तेव्हा पायाखालच्या जाळीला हलकासा धक्का जाणवला. जितेशने माझ्याकडे पाहिलं नाही. तो पडद्यावरच्या रेषेकडे बघत होता.

पंप सुरू झाला आणि रेषा चढायला लागली.

“चढणारच,” मी म्हटलं. “आधी पाइप भरायला हवा.”

ती चढत राहिली. फ्रान्सिस दर वेळी आकडा वाचायचा आणि दर वेळी त्याचा आवाज बारीक व्हायचा. लाल रेषा पडद्याच्या वरच्या कडेला दिसायला लागली. जितेशचा हात बंद करायच्या खटक्यावर गेला. तो खटका दाबला की सगळं तिथेच संपणार होतं, त्याचा प्लॅटफॉर्म, किनाऱ्यावरचे सगळे बेत, आणि माझा शब्दही. मला स्पष्ट भीती वाटली की मी चुकले.

“साहेब, काय करू?” फ्रान्सिसने विचारलं.

जितेशने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळला. “आम्ल दगडापर्यंत पोचलंय का अजून?”

मी मनात पाइपची लांबी मोजली. “नाही. आत्ता पोचेल. थांब.”

“थांब, फ्रान्सिस,” तो म्हणाला.

आम्ही थांबलो. चुनखडीवर आम्ल पडलं की ती फसफसते, विरघळते. शाळेतल्या मुलाला ठाऊक असलेली गोष्ट. तीच तिथे, समुद्राच्या तळाखाली अंधारात घडायची होती.

रेषा थबकली. फ्रान्सिस आकडा वाचायला विसरला. मग ती हळूच वाकली, आणि वाकली ती अशी की सरळ घसरतच गेली, लाल रेषेपासून लांब, खाली, जवळजवळ चाचणीच्या सुरुवातीला होती तिथवर. पंप चालूच होता. वायू जात होता आणि दगड घेत होता.

“अजून वाढव,” जितेश म्हणाला.

फ्रान्सिसने वाढवला. रेषा किंचित वर आली आणि बसली. आणखी वाढवला. पुन्हा बसली. पंप पूर्ण जोरावर आला तरी ती आडवी, निवांत. शेजारच्या विहिरीच्या तळाचा दाब इतक्यात एवढासा हलला आणि फ्रान्सिस खुर्चीतून उठलाच. “साहेब, तिकडे पोचला. एका विहिरीचा दाब दुसऱ्या विहिरीत जाणवतोय. अख्खा पट्टा उघडा आहे.” आणि त्याला जी बडबड सुटली ती काही थांबेना. त्याने समोर दिसेल त्याला मिठी मारली, मलाही मारली, आणि मग घाबरून “सॉरी मॅडम” म्हणाला.

बाहेर कुणीतरी भोंगा वाजवला. सिमेंटच्या बोटीने उत्तर दिलं, आपलं काम गेलं तरी. देवस्थळींचा किनाऱ्यावरून निरोप आला, यंत्राने आताचे आकडे घालून खात्री ‘उच्च’ केली आहे. मी हसले. मला त्या यंत्रावर आता राग नव्हता. ते माझ्याचसारखं, दाखवलेल्या दगडावरून बोलत होतं.

जितेश खुर्चीवर बसला होता. डोळे पुसायला त्याने रुमाल शोधला, सापडला नाही, तर बाहीने पुसले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्यात किनाऱ्याचा फोन वाजला. पाइपलाइनच्या पलीकडच्या टोकाला बसलेला इंजिनिअर होता. कारखान्यांचे वायूचे साठे काठोकाठ भरले होते, आठवडाभर सगळ्यांचा जीव टांगणीला होता.

“घरतसाहेब, खरं का? दगड घेतोय?”

“घेतोय.”

“मग सुरू करतो. किती पाठवू?”

जितेशने फोन कानापासून जरा दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“किती?” त्याने मला विचारलं.

“सगळा,” मी म्हटलं.

“सगळा पाठवा,” जितेश फोनवर म्हणाला. पायाखालची जाळी पंपांच्या आवाजाने थरथरू लागली. पडद्यावरची रेषा आडवी होती, आणि आम्ही दोघं उभं राहून ती बघत होतो.